जुन्या फोटोंतल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रिया : शोधापासून फोटोओळीपर्यंत

फेब्रुवारीत अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात, मार्चमध्ये स्त्रियांच्या इतिहासाचा. त्या सुमारास आपल्याकडेही जुने, देखणे फोटो फिरू लागतात: फुग्याच्या बाह्यांचा झगा घातलेली तरुणी, फरचा कोट घालून मोटारीशेजारी उभी असलेली स्त्री, आफ्रो म्हणजे नैसर्गिक कुरळ्या, फुललेल्या केसांची मॉडेल. पोस्ट, भित्तिपत्रक, दिनदर्शिका, महाविद्यालयातले प्रदर्शन, सगळीकडे तेच फोटो आणि बहुतेक वेळा त्याच चुका. नाव भलतीचे, साल वीस-तीस वर्षांनी चुकलेले, छायाचित्रकाराचा पत्ता नाही, कडा कापलेल्या, त्वचा उजळलेली.

या चुकांचे मूळ कामाच्या क्रमात आहे. आधी फोटो आवडतो, मग मजकूर लिहिला जातो आणि माहिती सर्वांत शेवटी शोधली जाते. तोवर फोटो इतका मनात भरलेला असतो की माहिती जुळली नाही तरी तो सोडवत नाही. खालचा क्रम याच्या उलटा आहे. टप्पे पुढेमागे करू नका. प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्यातली नोंद लागते.

## तयारी

प्रत्येक फोटोसाठी वेगळा फोल्डर आणि त्यात एक नोंदपत्रक ठेवा. त्यात हे रकाने असू द्या: मूळ संग्रह, नोंद क्रमांक, नोंदीतला मूळ मथळा जसाच्या तसा, छायाचित्रकार, ठिकाण, साल आणि ते कशावरून ठरले, हक्क, आणि तुम्ही फाइलमध्ये केलेला प्रत्येक बदल. "कशावरून" हा रकाना लोक गाळतात. सहा महिन्यांनी कुणी साल विचारले की तोच रकाना कामाला येतो.

फाइलच्या दोन प्रती ठेवा. संग्रहातून उतरवलेली मूळ प्रत कधीच उघडून जतन करायची नाही. काम करायचे ते दुसऱ्या प्रतीवर, आणि फाइलच्या नावात नोंद क्रमांक राहू द्या. "ब्लॅक ब्यूटी फायनल २" अशा नावाच्या फाइलचा माग पुढे कुणालाच काढता येत नाही.

फोटो कशासाठी हवा आहे तेही आधीच लिहा. मोबाइलवरच्या पोस्टला लहान फाइल चालते. बारा बाय अठरा इंचांच्या छपाईला इंचाला ३०० बिंदू धरले तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. शेवटच्या दिवशी हे कळले तर चांगला फोटो सोडून हाताशी असलेला लावावा लागतो.

## टप्पा १ : फोटोच्या मूळ घरी जा

पिंटरेस्ट, फॉरवर्ड किंवा कुणाच्या पोस्टवरून आलेला फोटो हा फक्त धागा आहे. शोधयंत्रात फोटोच टाकून त्याचा उलटा शोध घ्या आणि तो कोणत्या संग्रहातून निघाला तिथपर्यंत जा. या विषयासाठी पुढचे संग्रह नेहमी उपयोगी पडतात.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या छायाचित्र विभागात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जमवलेले ३६३ फोटो अल्बमच्या रूपात आहेत. जॉर्जिया राज्यातले वकील, दुकानदार, विद्यार्थिनी, गृहिणी त्यांत आहेत. त्यांतली बरीच व्यक्तिचित्रे अटलांटाच्या टॉमस अॅस्क्यू यांनी काढली. (डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले ते याच ड्यू बॉइस यांना. मराठी वाचकासाठी हा अल्बम म्हणूनही परका नाही.) याच विभागात कार्ल व्हॅन व्हेक्टन यांनी काढलेली बेसी स्मिथ, एला फिट्झजेरल्ड, बिली हॉलिडे यांची व्यक्तिचित्रे आहेत. गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एला वॉटसन या सफाई कामगार स्त्रीवर केलेली मालिकाही तिथेच मिळते.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे शॉम्बर्ग सेंटर हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीतच आहे आणि त्याचा डिजिटल साठा मोठा आहे. त्यात "पब्लिक डोमेन"ची, म्हणजे हक्कमुक्त फोटोंची, चाळणी लावता येते. वॉशिंग्टनमध्ये १९११ पासून चाललेल्या स्करलॉक स्टुडिओचा साठा स्मिथसोनियनकडे आहे. पिट्सबर्गच्या चार्ल्स "टीनी" हॅरिस यांच्या सुमारे ८०,००० निगेटिव्ह कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टकडे आहेत. रस्ता, लग्न, ब्यूटी पार्लर, क्लब असे रोजच्या जगण्यातले फोटो हवे असतील तर माझ्या मते हॅरिस यांच्यासारखा साठा दुसरा नाही.

शोधताना आजचे आणि जुने, दोन्ही शब्द वापरा. विषयसूचीत "आफ्रिकन अमेरिकन विमेन" असते, पण मूळ मथळ्यांत "कलर्ड" किंवा "निग्रो" हे त्या काळचे शब्द राहिलेले असतात. शोधापुरते ते टाइप करावे लागतात. तुमच्या मजकुरात मात्र ते आणू नका.

तपासा : नोंद क्रमांक मिळाला का? तो नसेल तर फोटो बाजूला ठेवा आणि दुसरा घ्या.

## टप्पा २ : नोंद पूर्ण वाचा, मग मागची बाजू पाहा

ग्रंथालयाच्या नोंदीत मथळा चौकोनी कंसात असला तर तो मूळ फोटोवरचा नसतो, सूचीकाराने दिलेला असतो. ड्यू बॉइस अल्बममधल्या शेकडो फोटोंवर "आफ्रिकन-अमेरिकन स्त्री, कमरेपर्यंत, किंचित डावीकडे पाहताना" अशा थाटाचा कंसातला मथळा आहे, कारण अल्बममध्ये बहुतेकांची नावे लिहिलेलीच नव्हती. हा मथळा तिचे नाव नाही, की त्या काळातले वर्णनही नाही. कंसाबाहेरचा मथळा सहसा फोटोवरच लिहिलेला असतो. सालाचेही तसेच: "सुमारे", "या वर्षांच्या दरम्यान" असे शब्द असतील तर ते तुमच्या फोटोओळीतही आलेच पाहिजेत.

मग मागची बाजू. एकोणिसाव्या शतकातल्या कार्डांच्या मागे स्टुडिओचे नाव, पत्ता, कधी तिकीट, कधी शाईतली नोंद असते. चांगले संग्रह मागच्या बाजूचाही स्कॅन देतात आणि लोक तो उघडतच नाहीत.

का उघडायचा ते सोजर्नर ट्रूथ यांच्या कार्डावरून कळते. खुर्चीत बसलेल्या, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर शाल, हातात विणकाम, शेजारच्या टेबलावर फुलदाणी आणि पुस्तक. फोटोखाली छापील ओळ आहे. तिचा आशय असा की देह पोसण्यासाठी मी माझी सावली विकते. मागे १८६४ सालची स्वामित्वहक्काची नोंद आहे आणि ती छायाचित्रकाराच्या नावावर नाही, ट्रूथ यांच्या स्वतःच्या नावावर आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या ट्रूथ सभांमध्ये स्वतःचे फोटो विकून चरितार्थ आणि गुलामगिरीविरुद्धची चळवळ चालवत होत्या. फक्त चेहरा कापून घेतला की यातले काहीच उरत नाही. उरते ती टोपी घातलेली एक वृद्धा.

हार्लेमचे जेम्स व्हॅन डर झी अनेकदा निगेटिव्हच्या कोपऱ्यात स्वतःची सही आणि साल लिहीत. त्यांच्या फोटोंचे खालचे कोपरे मोठे करून बघा. पोस्टसाठी चौकोनी कापताना पहिला बळी याच कोपऱ्यांचा जातो.

सावधान : मागे पेन्सिलने लिहिलेले नाव छायाचित्रकाराच्या, नातवाच्या, जुना माल विकणाऱ्याच्या, कुणाच्याही हातचे असू शकते. ते नोंदवा, पण पाचव्या टप्प्यात पडताळल्याशिवाय वापरू नका.

## टप्पा ३ : काळ ठरवा, आधी फोटोच्या जातीवरून

कपड्यांवरून साल ठरवण्याची घाई सगळ्यांना असते. आधी फोटो कशावर आहे ते पाहा, कारण कपडा वर्षानुवर्षे जपून वापरता येतो, पण उद्या निघणाऱ्या कागदावर आज फोटो छापता येत नाही.

आरशासारखी चकाकणारी, पेटीत बसवलेली प्रतिमा डॅगेरोटाइप असते; तिचा जोर १८४० आणि १८५० च्या दशकांत. काचेवरची प्रतिमा अँब्रोटाइप, १८५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची काही वर्षे. लोखंडी पत्र्यावरची टिनटाइप १८५६ नंतरची. ती स्वस्त होती आणि फार काळ टिकली, म्हणून नुसत्या टिनटाइपवरून साल ठरत नाही. सुमारे अडीच बाय चार इंचांचे पुठ्ठ्यावरचे कार्ड म्हणजे कार्त द व्हिझित, १८६० च्या दशकात सर्वाधिक. त्याहून मोठे, सुमारे सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे कॅबिनेट कार्ड १८६६ नंतर आले आणि शतक संपेपर्यंत चालले.

दोन खुणा फार नेमक्या आहेत. अमेरिकेत १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात फोटोंवर कर होता, म्हणून कार्डामागे महसुली तिकीट असेल तर कार्ड त्या दोन वर्षांत विकलेले. दुसरी खूण पोस्टकार्ड-फोटोंची: १ मार्च १९०७ पूर्वी अमेरिकेत पोस्टकार्डाची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी होती. मागे मधोमध रेघ असून एका बाजूला मजकुराची जागा असेल तर कार्ड त्यानंतरचे. "अॅझो" या छापाच्या फोटो-कागदावर तिकिटाच्या चौकोनात कोपऱ्यांना चार त्रिकोण असतात. चारही वर टोक करून असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असतील तर साधारण १९१८ ते १९३०.

डॅगेरोटाइप आणि टिनटाइप बहुधा आरशातल्यासारख्या उलट्या असतात. उजव्या हातात दिसणारी अंगठी खरे तर डाव्या हातात असते. "त्या डावखुऱ्या होत्या" असे लिहिण्यापूर्वी एवढे आठवा.

स्टुडिओचा पत्ता असेल तर त्या शहराची त्या काळातली व्यवसाय-सूची शोधा. स्टुडिओ जागा बदलत. एखादा छायाचित्रकार अमुक पत्त्यावर चारच वर्षे होता असे कळले की फोटोचा काळ तेवढ्यावर येतो. कपड्यांच्या सगळ्या अभ्यासापेक्षा हे खात्रीचे असते.

## टप्पा ४ : मग कपडे आणि केस

आता कपड्यांकडे या, आणि त्यांच्यावरून आधी काढलेला काळ फक्त अरुंद करा. मधोमध भांग आणि घंटेसारखा पसरलेला घेर १८६० च्या दशकात. मागे उचललेला घोळ १८७० आणि १८८० च्या दशकांत. खांद्याशी प्रचंड फुगलेल्या आणि मनगटाशी घट्ट बाह्या १८९५-९६ च्या आसपास शिखरावर. कंबर खाली उतरलेला झगा आणि डोक्याला चिकटून बसणारी हॅट १९२० च्या दशकात. चौकोनी, भरलेले खांदे १९४० च्या दशकात.

जास्त लक्ष द्यायचे ते नेहमी चूक होणाऱ्या चार ठिकाणी.

पहिले, आफ्रो. नैसर्गिक केसांची कुठलीही स्त्री दिसली की "१९७०, ब्लॅक पँथर" असे लिहिले जाते. छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रँडासा मॉडेल्स या कृष्णवर्णीय मॉडेलांच्या गटाला घेऊन हार्लेमच्या पर्पल मॅनर या क्लबमध्ये नैसर्गिक केसांचा "नॅचरली '६२" हा फॅशन शो केला तो २८ जानेवारी १९६२ ला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष स्थापन होण्याच्या चार वर्षे आधी. केसांवरून पक्षही ठरत नाही आणि दशकही.

दुसरे, रंग. जुन्या काचा आणि सुरुवातीच्या फिल्म निळ्या प्रकाशाला चटकन आणि लाल-पिवळ्याला फार कमी प्रतिसाद देत. म्हणून लाल किंवा पिवळा झगा काळसर दिसतो, निळा फिकट दिसतो. "काळ्या रंगाचा शोकाचा पोशाख" असे काही लिहिण्यापूर्वी थांबा. त्वचेचा वर्णही याच कारणाने प्रत्यक्षाहून गडद उतरत असे.

तिसरे, स्टुडिओची सजावट. पडदे, खांब, खुर्च्या, कधी कपडेही स्टुडिओतले असत. व्हॅन डर झी तर निगेटिव्हवर कोरून दागिने काढत, चेहऱ्यावरचे डाग मिटवत. गळ्यातला हार खरा की काढलेला, हे मोठ्या फाइलमध्ये कडांकडे बघून कळते. त्या फोटोचे मोल याने कमी होत नाही. आपण कसे दिसावे हे त्या स्त्रीने आणि छायाचित्रकाराने मिळून ठरवले होते, आणि फोटोओळीत सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे. "श्रीमंत घरातली स्त्री" हा निष्कर्ष मात्र नुसत्या फरवरून काढू नका.

चौथे, वय. आजी जुन्या पद्धतीचे कपडे घालते, सोळा वर्षांची मुलगी नव्या. एका फोटोत तीन पिढ्या असतील तर साल सर्वांत तरुण स्त्रीच्या पोशाखावरून काढा.

तपासा : फोटोची जात, स्टुडिओचा पत्ता आणि पोशाख, यांतल्या किमान दोन गोष्टी एका काळावर येतात का? येत नसतील तर दशकापलीकडे नेमके काही लिहू नका.

## टप्पा ५ : नाव पडताळा

फोटोवरचे नाव बरोबर आणि बाई चुकीची, असे होऊ शकते. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेसाठी हेरगिरी केलेल्या मेरी बाउझर यांचा म्हणून एक फोटो वर्षानुवर्षे फिरत होता. २०१३ मध्ये लेखिका लॉइस लेव्हीन यांनी मूळ कार्डापर्यंत जाऊन दाखवले की तो १९०० सालचा, व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गचा आहे आणि त्यातली स्त्री त्याच नावाची दुसरीच कुणीतरी आहे. हेरगिरीचा काळ १८६० च्या दशकातला, पोशाख आणि खुर्ची त्यानंतर चाळीस वर्षांची. चौथा टप्पा कुणी नीट केला असता तर शंका तिथेच आली असती.

दुसरा नमुना सगळ्यांच्या ओळखीचा. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला न दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली १ डिसेंबर १९५५ ला. बसमध्ये खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या पार्क्स आणि मागच्या आसनावर बसलेला गोरा पुरुष हा फोटो "त्या दिवशीचा" म्हणून आजही छापला जातो. तो २१ डिसेंबर १९५६ चा आहे, न्यायालयाने बसमधला भेदभाव रद्द ठरवल्यानंतरचा. मागचा माणूस वार्ताहर होता आणि फोटो मुद्दाम बसवून काढलेला होता. बोटांचे ठसे घेतानाचा फोटोही पहिल्या अटकेचा नाही. तो २२ फेब्रुवारी १९५६ चा, त्यानंतरच्या बस-बहिष्काराच्या खटल्यात झालेल्या अटकेचा. तिन्ही तारखा सहज मिळतात. चूक होते ती फोटो प्रसंगाला इतका चपखल बसतो की तारीख पाहावीशी वाटत नाही म्हणून.

नावासाठी किमान दोन स्वतंत्र आधार घ्या. एकाच नोंदीवरून उचललेली दहा संकेतस्थळे म्हणजे एकच आधार. त्या काळातले वृत्तपत्र, कुटुंबाने संग्रहाला दिलेली माहिती, त्याच स्त्रीचा नाव असलेला दुसरा फोटो हे वेगळे आधार होतात. चेहरा ओळखणाऱ्या अॅपचा निकाल आधार धरू नका.

नाव सापडले नाही तर "नाव नोंदलेले नाही" असे लिहा. "अज्ञात स्त्री" म्हटले की ती कुणालाच माहीत नव्हती असे वाटते. घरात, गल्लीत, चर्चमध्ये तिला सगळे ओळखत होते. नोंद करणाऱ्याने नाव लिहिले नाही.

## टप्पा ६ : फोटो कुणाच्या मर्जीने निघाला?

हा प्रश्न "शैली आणि सौंदर्य" या विषयात लोकांना सुचत नाही, पण वगळून चालणार नाही. ट्रूथ यांनी स्वतः बसून फोटो काढवला. १८५० मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबियात जोसेफ झीली यांनी डेलिया आणि ड्राना या गुलामगिरीत ठेवलेल्या स्त्रियांचे डॅगेरोटाइप काढले, ते लुई अॅगासी या वंशभेदाचे सिद्धान्त मांडणाऱ्या शास्त्रज्ञासाठी, त्यांना विवस्त्र करून. आपण डेलिया आणि तिचे वडील रेंटी यांची वंशज आहोत, असे सांगत टॅमरा लॅनियर यांनी हार्वर्ड विद्यापीठावर दावा लावला. तो अनेक वर्षे चालला आणि २०२५ मध्ये समेट होऊन विद्यापीठाने ते डॅगेरोटाइप सोडण्याचे मान्य केले.

असे फोटो जुने आहेत, ताकदीचे आहेत आणि कायद्याने मुक्तही असतील, तरी शैलीच्या मालिकेत, पोस्टरवर, दिनदर्शिकेवर ते लावू नयेत असे माझे ठाम मत आहे. गुलामगिरीवर लिहिताना त्यांचा उल्लेख करा, प्रतिमा न लावता. तोच निकष तुरुंगातले फोटो, वैद्यकीय फोटो आणि "मानवी नमुने" म्हणून काढलेल्या फोटोंना लावा.

निवड मोकळी असेल तर स्त्रीने स्वतः बसून काढवलेला फोटो घ्या. गुलामगिरीतून स्वतः निसटून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे बहुतेक ठिकाणी दिसणारे फोटो उतारवयातले. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नमध्ये बेंजामिन पॉवेलसन यांनी १८६८-६९ च्या सुमारास काढलेले कार्ड एमिली हाउलँड यांच्या अल्बममध्ये होते. २०१७ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय यांनी तो अल्बम मिळून विकत घेतला. त्यात टबमन चाळिशीतल्या आहेत: नेटका पोशाख, घेरदार स्कर्ट, एक हात खुर्चीच्या पाठीवर, नजर शांत आणि थेट. मला विचाराल तर टबमन यांच्यासाठी पहिला फोटो हाच.

## टप्पा ७ : हक्क

हा टप्पा लहान आहे, पण इथे थांबल्याशिवाय पुढे जायचे नाही.

अमेरिकेत ९५ वर्षांहून जुनी प्रकाशित छायाचित्रे मुक्त असतात. कधीच प्रकाशित न झालेल्या फोटोंचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे चालतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण आहे. व्हॅन डर झी १९८३ मध्ये वारले आणि ब्रॅथवेट २०२३ मध्ये, म्हणजे १९३२ सालच्या हार्लेममधला फरच्या कोटातल्या जोडप्याचा आणि कॅडिलॅकचा प्रसिद्ध फोटो "जुना आहे म्हणून मुक्त" असे धरता येत नाही. अशा फोटोला परवानगी मागा, नाहीतर संग्रहालयाच्या पानाचा दुवा द्या.

गॉर्डन पार्क्स यांचे १९४२ चे सरकारी नोकरीतले फोटो मुक्त आहेत. १९५६ चे अलाबामातले रंगीत फोटो नाहीत. छायाचित्रकार एकच, नियम दोन. विल्यम गॉटलिब यांचे जॅझ कलाकारांचे फोटो, त्यांत १९४७ च्या सुमारास गाताना टिपलेल्या बिली हॉलिडे, २०१० पासून मुक्त आहेत. व्हॅन व्हेक्टन यांचे फोटो वापरायला मोकळे आहेत, पण ते कापू नयेत, रंगवू नयेत आणि श्रेय द्यावे अशी वारसांची विनंती नोंदीतच लिहिलेली असते. ती पाळा.

सावधान : "कोणतेही ज्ञात निर्बंध नाहीत" हे ग्रंथालयाचे वाक्य म्हणजे हमी नव्हे. ते तारखेसह नोंदपत्रकात उतरवा.

## टप्पा ८ : फाइलवरचे काम

सर्वांत मोठी उपलब्ध फाइल घ्या. ग्रंथालये बहुधा टिफ या प्रकारची मोठी फाइल देतात. क्रम असा: सरळ करणे, उजेड-छाया, धूळ, आकार. कापणे शेवटी आणि शक्यतो नाहीच. पुठ्ठ्याची कड, स्टुडिओचे नाव, खालची ओळ ठेवा. चौकोन हवाच असेल तर फोटो पूर्ण ठेवून बाजूला साधा रंग भरा.

उजेडाचे स्वयंचलित बटण दाबू नका. ते बहुतेक वेळा पांढरी कॉलर किंवा मागचा पडदा गृहीत धरून सगळा फोटो उजळते, आणि त्वचा दोन छटा फिकी होते. हाताने करा. गडद भागातला तपशील उघडा, म्हणजे कपाळावरची चमक, गालाची गोलाई, केसांचा पोत दिसेल, पण चेहऱ्याचा मधला करडा रंग मूळ स्कॅनशी जुळलेला राहू द्या. दोन्ही फाइल शेजारी ठेवून फक्त गालावरचा एक ठिपका मोजा. फरक नजरेला जाणवत असेल तर मागे या.

"फोटो स्पष्ट करून देणारी" कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चेहरा नव्याने बनवतात. दाट कुरळे केस सैल लाटांचे होतात, नाक बारीक होते, ओठ पातळ होतात. फोटोतल्या बाईच्या जागी दुसरीच बाई येते. ही साधने या कामात वापरू नका. रंग भरण्याबद्दलही माझे तेच म्हणणे; चौथ्या टप्प्यात पाहिले तसे, करड्या छटेवरून कापडाचा रंग कळत नाही. कुणी रंगवलेली प्रतच मागितली तर "रंग आज भरलेले आहेत" हे प्रतिमेवरच लिहा आणि मूळ फोटो शेजारी द्या.

मूळ फोटो हातात असेल (अमेरिकेतल्या जुन्या बाजारांत, लिलावांत असे फोटो आपल्या लोकांकडेही येतात) तर कडांना धरा, टिनटाइप वाकवू नका, चिकटपट्टी लावू नका, मागे काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलने. स्कॅन ६०० बिंदूंवर, दोन्ही बाजूंचा, रंगीत. राखाडी स्कॅनमध्ये पिवळटपणा, हाताने भरलेली लाली आणि शाईचा रंग निघून जातो.

## टप्पा ९ : फोटोओळ

क्रम ठेवा: कोण, कुठे, केव्हा, कुणी काढला, कुठे आहे. त्यानंतर एक वाक्य तुमचे.

नमुना : हॅरिएट टबमन, ऑबर्न, न्यूयॉर्क राज्य, १८६८ किंवा १८६९. छायाचित्र : बेंजामिन पॉवेलसन. एमिली हाउलँड अल्बम. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय.

नाव नसलेल्या फोटोचा नमुना : तरुण स्त्री, नाव नोंदलेले नाही. जॉर्जिया, १८९९ किंवा १९००. ड्यू बॉइस यांनी पॅरिस प्रदर्शनासाठी तयार केलेल्या अल्बममधून. लायब्ररी ऑफ काँग्रेस.

आता मराठीतल्या काही खास चुका. गोऱ्या नेत्याला "ते" आणि कृष्णवर्णीय स्त्रीला "ती" असे एकाच पानावर सर्रास दिसते. टबमन, ट्रूथ, रोझा पार्क्स यांना "त्या" म्हणा. क्रियापदेही आदरार्थी ठेवा. "गुलाम स्त्री" ऐवजी "गुलामगिरीत ठेवलेली स्त्री" लिहा. "काळी सावळी सुंदरी", "आफ्रिकन राणी" ही विशेषणे काढून टाका. ज्या बाईचा व्यवसाय माहीत आहे तिचा व्यवसाय लिहा.

मूळ मथळ्यात आज अपमानास्पद वाटणारा शब्द असेल तर तो तुमच्या वाक्यात मिसळू नका. गरज असेल तरच "मूळ मथळा" असे सांगून अवतरणात द्या. प्रसिद्ध नाव आणि नोंदीतले नाव वेगळे असेल तर दोन्ही द्या. गॉर्डन पार्क्स यांनी काढलेला एला वॉटसन यांचा झाडू-पोछा घेऊन ध्वजासमोर उभ्या असलेल्या स्थितीतला फोटो "अमेरिकन गॉथिक" म्हणून ओळखला जातो, पण सरकारी नोंदीत "सरकारी सफाई कामगार स्त्री" एवढेच आहे. फोटोओळीची सुरुवात एला वॉटसन या नावाने करा.

दृष्टिहीन वाचकांसाठी प्रतिमावर्णनही लिहा: पोशाख, बैठक, हातातली वस्तू, नजर. मनातले भाव तर्काने भरू नका.

## टप्पा १० : मांडणी आणि नंतरची दुरुस्ती

चार-पाच फोटो एकत्र मांडताना सगळे एकाच आकारात बसवायचा मोह होतो. कार्त द व्हिझित तळहाताएवढे असते. ते चार फुटी केले की खिशात, अल्बममध्ये फिरणारी वस्तू होती हे कळत नाही. प्रदर्शनात शेजारी मूळ आकाराची एक प्रत लावा. ड्यू बॉइस अल्बममधली बरीच व्यक्तिचित्रे जोडीने होती, समोरून आणि बाजूने. एकच घेत असाल तर तसे सांगा. प्रसिद्ध स्त्रियांमध्ये नाव न नोंदलेल्या स्त्रिया मिसळा, पण त्यांचे फोटो "सजावट" म्हणून कोपऱ्यात टाकू नका. त्यांनाही पूर्ण फोटोओळ द्या.

छापायला देण्यापूर्वी विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी फक्त फोटोओळी वाचायला द्या, फोटो न दाखवता. कोण, कुठे, केव्हा आणि कुणी हे त्याला सांगता आले नाही तर ओळ अपुरी आहे.

प्रसिद्ध झाल्यावर कुणी चूक दाखवली तर नोंदपत्रकातला "कशावरून" हा रकाना उघडा, आधार तपासा आणि चूक असेल तर मूळ पोस्टमध्येच दुरुस्त करून वर तारखेसह तसे लिहा. पोस्ट गुपचूप काढून टाकली तर ती ज्यांनी पुढे पाठवली त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचत नाही. संग्रहाच्या नोंदीतच चूक सापडली तर त्या पानावरच्या संपर्काच्या दुव्यावरून ग्रंथपालांना पुराव्यासह कळवा, आणि त्यांचे उत्तर त्याच फोल्डरमध्ये जपून ठेवा.